रिपोर्ट चांगले आलेत, पण घरी जायची तयारी झालीय का?

राउंड संपला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सिस्टर, डिस्चार्ज कधी?" पेशंट विचारतो, नातेवाईक विचारतात, बेड कधी रिकामा होतोय म्हणून खालून फोन येतो तो वेगळाच. आणि उत्तर बहुतेक वेळा फाईल बघून दिलं जातं, ताप नाही, काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) वर आलेत, सलाईन बंद झालंय, खातोय पितोय, मग सोडा घरी. मी कॅन्सर वॉर्डात काम करते आणि मला अगदी ठाम वाटतं की डिस्चार्जला फिट असणं वेगळं आणि घरी जायला तयार असणं वेगळं. पहिलं रिपोर्टवरून कळतं. दुसरं पेशंटला आणि घरच्यांना विचारल्याशिवाय कळत नाही, आणि नुसतं विचारूनही भागत नाही, करून दाखवा म्हणावं लागतं.

कॅन्सरमध्ये घरी जाणं म्हणजे आजार आटोपला असं क्वचितच असतं. कुणी दोन केमोच्या मधल्या दिवसांसाठी घरी जातो, कुणाची ट्रीटमेंट पूर्ण होऊन आता पुढचं फॉलोअप जवळच्या फॅमिली डॉक्टरांकडे होणार असतं, आणि कुणाच्या बाबतीत आता आजारावर औषध चालत नाही, त्रास कमी ठेवायचा आणि घरच्यांच्यात राहायचं असं ठरलेलं असतं. तिघांनाही आपण एकच फॉर्म आणि एकच गोळ्यांची पिशवी देऊन पाठवतो, हे मला फार खटकतं. कारण तिघांना घरी लागणारी तयारी पूर्ण वेगळी आहे.

पहिल्या गटापासून सांगते, कारण जीव जायचा धोका इथे तासांमध्ये असतो. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, म्हणजे नेमक्या तेव्हा जेव्हा पेशंट घरी असतो. न्यूट्रोफिल (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500 च्या खाली गेले आणि ताप आला तर ती इमर्जन्सी आहे, हॉस्पिटलला पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून जायला हवा असा नियम आहे. ह्या पेशंटला पू होत नाही, सूज दिसत नाही, खोकलाही फारसा नसतो, कारण ते सगळं करायला लागतात त्या पेशीच कमी झालेल्या असतात. एकटा ताप तेवढा दिसतो. म्हणून आम्ही सांगतो, 38 म्हणजे फॅरनहाइटमध्ये 100.4 च्या वर गेलं की थांबायचं नाही.

आता हे प्रत्येक डिस्चार्जला सांगितलं जातं आणि प्रत्येक जण मान हलवतो. एक काका होते, शिकलेले, सगळे कागद फाईलला क्रमाने लावलेले, मुलगा पण सोबत. मी सगळं सांगून झाल्यावर विचारलं समजलं का, दोघंही म्हणाले हो सिस्टर, सगळं समजलं. मग मी म्हटलं, काका आता असं समजा रात्रीचे दोन वाजलेत, तुम्हाला थंडी वाजतीय, अंग गरम लागतंय, तर काय काय कराल ते मला एकेक करून सांगा. काका म्हणाले, "तापाची गोळी घेईन, पांघरूण घेऊन झोपेन आणि सकाळी उजाडलं की तुम्हाला फोन करेन, रात्री कुणाला कशाला त्रास द्यायचा." किती सरळ माणूस, आणि किती धोकादायक उत्तर. गोळीने ताप उतरतो, इन्फेक्शन तसंच वाढत राहतं आणि सकाळपर्यंत बीपी पडलेलं असू शकतं. मग थर्मामीटर मागवला, मुलाला लावायला सांगितला, तर तो फॅरनहाइटचा होता आणि त्याच्या डोक्यात आकडा 38 चा बसलेला! म्हणजे 99 दिसलं असतं तर घाबरून धावला असता, नाहीतर हा आकडा कसला म्हणून मशीन खराब आहे समजला असता. मग कागदावर मोठ्या अक्षरात 100.4 लिहिलं, रात्रीचा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून घेतला, त्या नंबरवर माझ्यासमोर एकदा रिंग दिली, आधी थर्मामीटर मग फोन, गोळी आपल्या मनाने नाही, असं तीनदा वदवून घेतलं. रात्री गाडी कोण काढणार हे पण विचारलं, तेव्हा कळलं की मुलगा आठवड्यातले निम्मे दिवस नाईट शिफ्टला असतो, मग शेजाऱ्यांचं नाव पुढे आलं.

ह्या पद्धतीला आमच्यात टीच-बॅक म्हणतात, म्हणजे आपण सांगितलेलं पेशंटने त्याच्या शब्दात परत सांगायचं किंवा करून दाखवायचं. नाव इंग्रजी असलं तरी अक्कल साधी आहे. "समजलं का?" हा प्रश्नच बाद करायला पाहिजे असं माझं मत आहे, त्याला आजवर कुणी नाही म्हणालेलं नाही, आणि म्हणणार तरी कसं, समोर युनिफॉर्ममधला माणूस घाईत उभा, त्याला कशाला परत सांगायला लावायचं असं वाटतंच. विचारताना परीक्षा घेतोय असं वाटू द्यायचं नाही, मी म्हणते "मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय", मग लोक मोकळे होतात.

कॅन्सरच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचं पण हेच. लोकांना वाटतं गोळी म्हणजे सौम्य. कॅपेसिटाबाईन बऱ्याचदा 14 दिवस घ्यायची आणि 7 दिवस बंद अशी असते, ती बंदची तारीख कॅलेंडरवर पेशंटच्या हाताने लिहून घ्यावी लागते. आणि जुलाब नेहमीपेक्षा दिवसाला चार वेळा जास्त व्हायला लागले तर गोळी थांबवून फोन करायचा हे तर पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण कॅन्सरची गोळी चुकवली तर आजार वाढेल ह्या भीतीने माणसं अंगात त्राण नसताना पण ती गिळत राहतात.

ही तयारी मोजायला फूटपट्ट्या पण आहेत. 2006 मध्ये मॅरिअन वाइस आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने डिस्चार्जच्या तयारीच्या प्रश्नावलीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात चार गोष्टी पेशंटलाच विचारतात: आज शरीर मन कसं वाटतंय, घरी काय करायचं ते किती माहितीय, अडचण आली तर निभावता येईल का, आणि मदतीला कोण असणार. प्रत्येकाला 0 ते 10 मध्ये मार्क. मला ह्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की फक्त माहिती विचारून थांबत नाहीत, निभावता येईल का हे वेगळं विचारतात. माहिती असून हात न धजावणारे खूप असतात. ड्रेसिंग कसं करायचं ते तोंडपाठ, पण जखम उघडी बघितली की चक्कर येते, ह्यात त्या माणसाचा काही दोष नाही, पण मग घरी ड्रेसिंग दुसऱ्या कुणीतरी करायला हवं आणि ते कोण हे आजच ठरायला हवं.

दुसरी पट्टी डॉक्टर रोज वापरतात, ईकॉग स्कोर, म्हणजे पेशंट किती हिंडता फिरता आहे त्याचा आकडा, 1982 मध्ये छापून आलेली, 0 म्हणजे पूर्वीसारखं सगळं काम करतोय आणि 4 म्हणजे पूर्ण अंथरुणावर. 2 म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, जागेपणीच्या वेळेतला अर्ध्याहून जास्त वेळ उठून असतो पण काम होत नाही. चांगली पट्टी आहे, माझी तक्रार एवढीच की तो आकडा वॉर्डातला असतो. वॉर्डात बाथरूम चार पावलांवर, धरायला दांडी, पलंग हवा तसा वर खाली होणारा, बेल दाबली की कुणीतरी येतं. तोच माणूस घरी जिना चढून जाणार, जमिनीला टेकलेल्या गादीवरून उठणार, आणि दिवसा घरात कुणीच नसणार, तर त्याचा 2 चा 3 व्हायला वेळ लागत नाही. म्हणून मी पेशंटला वॉर्डात चालवून आणि जिन्याच्या पाच दहा पायऱ्या चढायला लावूनच बघते, फिजिओ असतील तर उत्तमच, आणि घराचे फोटो मोबाईलवर मागवते. फोटोत जे दिसतं ते कुठल्याच फॉर्ममध्ये येत नाही.

घरच्यांची तयारी हा तर सगळ्यात दुर्लक्षित भाग. आपण गृहीत धरतो की बायको करेल, सून करेल, मुलगी रजा काढेल. नवऱ्याच्या पलंगाशेजारी उभं राहून बाईला विचारलं "जमेल ना ताई?" तर ती काय म्हणणार, मी करते की सगळं, असंच म्हणणार. तिला बाजूला घेऊन बसवायचं, पाणी द्यायचं आणि विचारायचं, तुमची झोप किती होते, तुमचं स्वतःचं बीपी शुगरचं औषध चालू आहे का, रात्री उचलून बसवायची वेळ आली तर तुमच्या कमरेला जमेल का. तेव्हा खरं बाहेर येतं. एका ताईंनी असं बाजूला घेतल्यावर सांगितलं की त्यांचाच खांदा निखळतो, नवऱ्याला सांगितलेलं नाही. म्हणजे त्यांना उचलायचं तंत्र शिकवण्यात काही अर्थच नव्हता, घरी येणारी नर्स आणि एक मदतनीस मिळेपर्यंत ते घर तयार नव्हतं, रिपोर्ट कितीही छान असू देत.

आता दुसरा गट, ज्यांची ट्रीटमेंट संपली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की ह्यांना काय, आनंदाने जातील. पण शेवटच्या रेडिएशनच्या दिवशी रडणारी माणसं मी खूप बघितलीत आणि ते सगळे आनंदाचे अश्रू नसतात. इतके महिने रोज कुणीतरी तपासत होतं, आता एकदम तीन महिन्यांनी या. मधल्या काळात पाठ दुखली तर ती साधी पाठदुखी की परत आलं? ही भीती अगदी खरी आहे आणि ती विचारल्याशिवाय पेशंट सांगत नाही. डिस्ट्रेस थर्मामीटर म्हणून एक सोपं साधन आहे, थर्मामीटरचं चित्र, 0 ते 10, मागच्या आठवड्यात मनाचा ताण किती होता तिथे खूण करायची, 4 किंवा वर आलं की थांबून नीट बोलायचं आणि गरज असेल तर समुपदेशकाकडे पाठवायचं. मिनिटभराचं काम आहे. बीपी मोजायला आपण कधी विसरत नाही, हे मात्र राहून जातं.

आणि फॅमिली डॉक्टरांकडे फॉलोअप म्हणजे दुय्यम दर्जाचं असा जो समज आहे तो काढायला हवा. कॅनडात 968 स्त्रियांचा एक अभ्यास झाला होता, 2006 मध्ये प्रसिद्ध झाला, सुरुवातीच्या टप्प्यातला ब्रेस्ट कॅन्सर, ट्रीटमेंट झालेली, निम्म्यांचं फॉलोअप कॅन्सर सेंटरला आणि निम्म्यांचं फॅमिली डॉक्टरांकडे. आजार परतल्यामुळे होणाऱ्या गंभीर घटना दोन्हीकडे जवळपास सारख्याच निघाल्या, साडेतीन टक्क्यांच्या आसपास. पण मला त्यातली महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट, त्या फॅमिली डॉक्टरांना काय बघायचं, कधी तपासायचं ह्याचं एक पानाचं मार्गदर्शन दिलेलं होतं. एकच पान! आपल्या डिस्चार्ज समरीत पानंच्या पानं भरून जुने रिपोर्ट असतात आणि पुढे काय करायचं ते शेवटच्या ओळीत "फॉलोअप इन ओपीडी".

म्हणून माझ्या मते तयारी तपासायची तिसरी बाजू म्हणजे पलीकडचा डॉक्टर. त्याला कळलंय का की हा पेशंट येतोय, कुठली औषधं मिळालीत आणि त्यांचे कुठले परिणाम उशिरा दिसतात? डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध मिळालेल्या पेशंटला काही वर्षांनी दम लागला तर हृदयाचा विचार करावा लागतो. मानेला रेडिएशन झालं असेल तर थायरॉइड दर 6 ते 12 महिन्यांनी तपासायला हवं, आणि जबड्याला रेडिएशन झालेल्या माणसाचा दात कुणीही उठून काढायचा नाही, हाड भरून येत नाही, हे डेंटिस्टला माहीत पाहिजे आणि पेशंटला त्याहून जास्त माहीत पाहिजे. टॅमॉक्सिफेन ही ब्रेस्ट कॅन्सरची गोळी चालू असलेल्या बाईला पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला तर तो तपासायचाच, वयाने होतं म्हणून सोडायचा नाही. इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांचे, साइड इफेक्ट तर औषध बंद होऊन कित्येक महिन्यांनी पण येऊ शकतात, म्हणजे साधे जुलाब समजून कुणी नुसती जुलाबाची गोळी दिली तर पंचाईत. एवढं सगळं डॉक्टरांच्या लक्षात राहील अशी अपेक्षा नको, एका पानावर लिहून द्या आणि एक कॉपी पेशंटच्या हातात पण द्या. पेशंटला ते पान वाचून दाखवा. हे पान तयार नसेल तर पेशंट कितीही ठणठणीत असला तरी ट्रान्सफर तयार नाही असं मी मानते.

तिसऱ्या गटाबद्दल लिहायला जड जातं, पण तिथेच तयारी नीट झाली नाही तर हाल सगळ्यात जास्त होतात. घरी शेवटचे दिवस काढायचे असं ठरलं की सगळ्यांना वाटतं आता काय मोजायचं, जाऊ द्या शांतपणे. शांतपणे जायलाच तयारी लागते. मॉर्फिन ठरलेल्या वेळेला द्यायचं, दुखायची वाट बघायची नाही, मध्येच कळ आली तर जास्तीचा डोस किती, साधारण दिवसभराच्या डोसच्या सहाव्या हिश्शाएवढा असतो, तो मिलीमध्ये किंवा गोळ्यांत लिहून दिलाय का. पोट साफ व्हायचं औषध मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासून सोबत आहे का. स्टेरॉइड एकदम बंद करायचं नाही हे सांगितलंय का. पुढची बाटली कुठे मिळणार, कारण मॉर्फिन प्रत्येक दुकानात मिळत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी संपलं तर? पाठीत नवीन दुखणं, पायात ताकद कमी, लघवी अडकली, तर त्याच दिवशी दाखवायचं, कारण मणक्यातली नस दबली असेल तर उशीर झाल्यावर पाय परत येत नाहीत, घरी पाठवलेल्या माणसाला सुद्धा हा हक्क आहे.

आणि एक प्रश्न विचारायला आपण सगळेच कचरतो, श्वास बदलला, घरघर लागली तर घरी राहायचं की गाडी काढायची? हे आधी बोललं नसेल तर त्या क्षणी घरातला सगळ्यात घाबरलेला माणूस ठरवतो, आणि जे नको होतं नेमकं तेच होतं. हे बोलणं एका बैठकीत होत नाही. पॅलिएटिव्ह टीमची, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी ठेवायला बघणाऱ्या टीमची, ओळख लवकर झाली असेल तर सोपं जातं, आणि पॅलिएटिव्ह म्हणजे हात टेकले असं अजून ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते, 2010 मध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 151 पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यांना सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह टीम मिळाली त्यांचा त्रास कमी होताच, शिवाय ते जास्त जगले, मध्यक काढला तर 11.6 महिने, आणि नेहमीच्या उपचारावर 8.9.

मग तयारी नाही असं दिसलं तर काय, अडकवून ठेवायचं? नाही. हॉस्पिटलमध्ये उगाच राहण्यात पण तोटे आहेत, इन्फेक्शन आहे, झोप नाही, स्नायू झिजतात, आणि माणसाला आपल्या घरी जायचं असतं ही सगळ्यात मोठी गोष्ट. "तयार नाही" हे उत्तर म्हणजे कामाची यादी समजायची. ड्रेसिंग जमत नाही, घरी नर्स ठरवा. वाचता येत नाही, गोळ्यांच्या डब्यांवर सूर्य चंद्र काढून द्या. एकटे राहतात, बहिणीकडे महिनाभर राहता येईल का विचारा. काही गोष्टी एका दिवसात होतात, काहींना दोन दिवस जास्त लागतात, ते दोन दिवस मागायला नर्सने कचरू नये. म्हणून हे मोजमाप डिस्चार्जच्या सकाळी करून उपयोग नाही, ॲडमिट झाल्यापासून सुरू करायचं, शेवटच्या दिवशी तर पेशंटचं लक्ष बिलाकडे आणि गाडीकडे असतं, तेव्हा सांगितलेलं काही डोक्यात जात नाही.

आणि घरी पोचल्यावर दोन तीन दिवसांत एक फोन. "कसे आहात" विचारलं तर बरं आहे असंच ऐकायला मिळतं, म्हणून मी ठरवून बारीक विचारते: आज सकाळी कुठल्या गोळ्या घेतल्या, डब्यावरचं नाव वाचून सांगा. काल रात्री कितीदा उठलात. शी कधी झाली. ताप शेवटचा कधी बघितला आणि किती होता. फॅमिली डॉक्टरांना पान दाखवलं का, ते काय म्हणाले. आणि मग म्हणते, आता फोन ताईंकडे द्या, आणि त्यांना विचारते की त्या जेवल्या का, झोपल्या का, आणि त्यांना कुणाची मदत मिळतीय का.